आधी पोट, मग पाटी



शाळा सुरू होण्याचे दिवस आले की आपल्या वस्तीत दप्तर, गणवेश, वह्या यांची धावपळ सुरू होते. बाप जादा पाळी करतो, आई भिशी उचलते, पण पोरगं शाळेत गेलंच पाहिजे. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटलं, ते आपल्या समाजाने मनावर घेतलं आहे. चटणी-भाकर खाऊन आपल्या आई-बापांनी आपल्याला शिकवलं. पण एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. हे पोर सकाळी वर्गात बसतं, तेव्हा त्याच्या पोटात काय असतं?

वस्तीत तपासणीला गेले की वजन-उंची घेताना मी प्रत्येक मुलाला विचारते, “सकाळी काय खाल्लं?” उत्तरं ठरलेली असतात. “चाय-टोस.” “चाय-बिस्कीट.” “काहीच नाही, उशीर झाला.” यातलीच काही मुलं परिपाठाला उभी असताना चक्कर येऊन खाली बसतात. काही जण दुसऱ्या तासाला डोकं दुखतं म्हणतात. आणि काही नुसतीच खिडकीबाहेर बघत बसतात. मग शाळेतून निरोप येतो, “तुमच्या मुलाचं अभ्यासात लक्ष नाही.” माझं म्हणणं असं आहे की यातल्या बऱ्याच मुलांचं लक्ष जागेवर आहे, पोट जागेवर नाही. आणि मुलाचा नाश्ता हे एकट्या आईचं काम नाही. ते घराचं काम आहे, वस्तीचं आहे आणि सरकारचंही आहे.

चहा-बिस्कीट म्हणजे नाश्ता नव्हे

रात्री नऊला जेवलेलं मूल सकाळी काही न खाता शाळेत गेलं आणि मधल्या सुट्टीत साडेदहाला जेवलं, तर मध्ये साडेतेरा तास जातात. मोठ्या माणसाच्या मेंदूला शरीराच्या एकूण ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. लहान मुलाच्या मेंदूला त्याहून कितीतरी मोठा वाटा लागतो. पण साखर साठवून ठेवणारं त्याचं यकृत लहान असतं, त्यामुळे रात्रभरात तो साठा संपत येतो. अशा वेळी फळ्यावरचं गणित डोक्यात कसं शिरणार?

चहाने भूक मरते, भागत नाही. शिवाय चहातला कषाय पदार्थ, म्हणजे टॅनिन, अन्नातलं लोह शरीराला मिळू देत नाही. आपल्या राज्यात लोहाची कमतरता किती आहे ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. दहातली जवळजवळ सात. हीच मुलं उद्या पहिलीत बसणार आहेत. त्यांना भाकर-भाजीबरोबर चहा देणं म्हणजे एका हाताने दिलेलं लोह दुसऱ्या हाताने काढून घेणं आहे. लहान मुलाला चहाची गरजच नाही. सवय लागली असेल तर हळूहळू कमी करा, आणि तोवर निदान खाण्याच्या वेळेला तरी देऊ नका.

बिस्कीट आणि टोस म्हणजे मैदा, साखर आणि तेल. तासाभरात पुन्हा भूक लागते. दहा रुपयांच्या पुड्याच्या पैशात एक अंडं येतं, नाहीतर पोरापुरते फुटाणे-शेंगदाणे येतात. म्हणजे प्रश्न दर वेळी पैशाचाच असतो असं नाही. तो वेळेचा आणि सवयीचाही असतो.

दहा मिनिटांत काय होतं?

नळाला पाणी पहाटे येतं, साडेसहाला कामावर निघायचं असतं, शेगडी एकच. हे मला माहीत आहे. म्हणून टीव्हीवरच्या पाककृती इथे सांगत नाही. एकच हिशेब डोक्यात ठेवा: एक धान्य, त्याला जोड म्हणून डाळ, शेंगदाणे किंवा अंडं, आणि जमेल तेव्हा लिंबू, टमाटर, पेरू किंवा आवळा असं काही आंबट. आंबट पदार्थातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळीतलं लोह अंगी लागतं.

रात्रीची पोळी किंवा भाकर: रात्री दोन पोळ्या जास्तीच्या टाका. सकाळी त्यावर शेंगदाण्याचा कूट आणि गूळ पसरून गुंडाळी करून दिली की झालं, शेगडी पेटवायचीही गरज नाही. वेळ असेल तर पोळी कुस्करून कांदा-शेंगदाणे घालून फोडणी द्या आणि वरून लिंबू पिळा. ज्वारीची भाकर दह्यात कालवली तरी उत्तम. जवसाची चटणी लावून दिली तर तिच्यातली चांगली चरबीही पोटात जाते.

अंडं: एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. पाण्याला उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटांत ते घट्ट उकडतं, तोवर पोरांची वेणी-फणी होते. किंवा ऑम्लेट करून पोळीत गुंडाळा आणि हातात द्या.

सातूचं पीठ: गहू आणि डाळवं सारख्या प्रमाणात घ्या. गहू भाजून दोन्ही एकत्र गिरणीतून दळून आणा आणि कोरड्या डब्यात ठेवा. सकाळी मोठे तीन चमचे पीठ गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवायचं. दोन मिनिटांचं काम आहे, आठ वर्षांचं मूलही स्वतः करू शकतं.

मोड आलेली मटकी किंवा मूग: सकाळी भिजत घाला, रात्री फडक्यात बांधा, दुसऱ्या सकाळी कांदा घालून परता. मुलांना कच्चे मोड देण्यापेक्षा शिजवलेले द्या.

बेसनाचं धिरडं: पिठात चिरलेली मेथी, पालक, कांदा, जे घरात असेल ते घाला. दोन धिरडी होईपर्यंत पोरगा बूट घालून तयार.

पोहे: नुसते पोहे म्हणजे बहुतांशी पिष्टच. त्यात मूठभर शेंगदाणे किंवा मोड आलेले मूग घाला आणि लिंबू पिळायला विसरू नका.

अगदीच काही जमलं नाही तर मूठभर फुटाणे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाऊन एक केळं हातात द्या. चहा-बिस्किटापेक्षा ते कितीतरी बरं. मात्र पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्याला कूट करून द्या. आणि रात्रीच्या भाताबद्दल एक सांगते. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात जंतू वाढतात आणि त्यांचं विष फोडणी दिली तरी मरत नाही. मुलाला सकाळी तो भात देऊ नका.

आपल्या खाण्याची लाज कशाला?

सुकटीची चटणी आणि भाकर हा आपल्या घरातला जुना नाश्ता. सुकटीत प्रथिनं भरपूर आणि चुनाही चांगला. पण आजकाल आया म्हणतात, “डब्यात दिली तर शाळेत हसतात, वास येतो म्हणतात.” म्हणून त्या बिस्कीट देतात. ज्या अन्नावर आपल्या पिढ्या कष्ट करून उभ्या राहिल्या, ते अन्न हलकं आणि पाकिटातला मैदा भारी, हे आपल्याला कोणी शिकवलं? कोणाच्या ताटात काय असावं यावरून माणसाची पायरी ठरवण्याचा हा जुनाच रोग आहे. अंडं, सुकट, बोंबील, ज्वारी हे पौष्टिक अन्न आहे. घरी खाऊ घाला, आणि ते का चांगलं हे मुलाला समजावून सांगा. म्हणजे त्याला कोणासमोर मान खाली घालावी लागणार नाही.

सिकलसेल असलेल्या मुलासाठी

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, म्हणून हे वेगळं लिहिते. या मुलाला उपाशी आणि तहानलेलं ठेवू नका. शरीरातलं पाणी कमी झालं की दुखणं उसळू शकतं. सकाळी ज्वारीची पातळ आंबील किंवा सातूचं पातळ पेय द्या, दप्तरात पाण्याची भरलेली बाटली द्या, आणि वर्गात पाणी प्यायला व लघवीला जायला अडवू नये असं बाईंना स्वतः जाऊन सांगा. पालेभाज्या खाऊ द्या. पण सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असू शकतं. मुलाची तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या.

हे काम एकट्या आईचं नाही

हे सगळं वाचून एखादी ताई म्हणेल, “म्हणजे माझ्याच डोक्यावर आणखी एक काम!” नाही, ताई. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकोने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं असं सांगितलं होतं. ती बरोबरी सकाळी सहा वाजता स्वयंपाकघरात दिसली पाहिजे. अंडी उकडायला आणि सातू कालवायला बापाला काय अडचण आहे? दादांनो, जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरणाऱ्या हाताने सकाळी पोराला धिरडं करून दिलं, तर तेही बाबासाहेबांचंच काम आहे.

वस्तीनेही हात लावावा. विहारात महिला मंडळ जमतंच. बचत गटाने महिन्यातून एकदा गहू आणि डाळवं एकत्र घेऊन, भाजून, दळून घराघरांत वाटून दिलं, तर प्रत्येकीचे कष्टही वाचतात आणि पैसेही. पहाटे कामावर जाणाऱ्या बाईच्या मुलांना शेजारच्या आजीने नाश्ता दिला, तर त्या आजीला थोडं मानधन वर्गणीतून देता येईल.

सरकारने काय करायला हवं?

विहारात आपण आळवीची गोष्ट ऐकतो. हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी शेतकरी तथागतांच्या सभेत आला. तथागतांनी उपदेश सुरू केला नाही. आधी त्याला जेवू घालायला लावलं, मग धम्म सांगितला. भुकेल्या माणसाला धम्म समजत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यांना कळलं, त्यांचे आपण अनुयायी. मग भुकेल्या लेकराला पाढे समजतील असं शाळेने का धरून चालावं?

आपल्या मुलांना शाळेत दुपारचं शिजवलेलं जेवण मिळतं, ते २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क पक्का केला. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, असा नियम आहे. पण सकाळचं काय? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच दुपारच्या जेवणाबरोबर सकाळचा पौष्टिक नाश्ता द्यावा असं म्हटलं आहे. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ पासून पहिली ते पाचवीच्या सरकारी शाळांत सकाळचा गरम नाश्ता सुरू केला आणि पुढच्या वर्षी तो राज्यभर नेला. उपमा, खिचडी, पोंगल असे साधे पदार्थ, सोबत भाज्यांचं सांबार. तिथे जे होतं ते इथे का होऊ नये?

आपल्याकडे मात्र उलटं झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्यातून एक अंडं देण्याचा निर्णय झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवून शाळांना लोकवर्गणीकडे बोट दाखवलं गेलं. ज्या शाळेत मजुरांचीच मुलं आहेत, तिथे वर्गणी कोण देणार?

म्हणून माझी एक विनंती आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या सभासद महिला असतात. त्या खुर्च्या रिकाम्या ठेवू नका. यंदा आपल्या शाळेच्या समितीत वस्तीतल्या दोन-तीन बायकांची नावं लागतील असं पाहा. पहिल्याच बैठकीत दोन ठराव मांडा: अंड्याचा निधी परत द्या, आणि शाळेत सकाळचा नाश्ता सुरू करा. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, महापालिकेची शाळा असेल तर तिच्या शिक्षण विभागाकडे द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, पोच फाईलमध्ये राहते.

आणि तो ठराव मंजूर होईपर्यंत आज रात्री दोन पोळ्या जास्तीच्या टाका.

जय भीम!