गुन्हा दाखल झाला की मत जातं? कायदा काय सांगतो, वाचा

जिंतूर : 'केस झाली, आता मतही गेलं,' असा समज जिंतूरच्या बाजारापासून तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांपर्यंत अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. गुन्हा दाखल झाल्याने मताधिकार जात नाही. बहुतेक गुन्ह्यांत दोषी ठरल्यानेही जात नाही. मतदानाच्या दिवशी माणूस आत असेल, तर मात्र त्याला मत देता येत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्याला मतदान करता येत नाही. शिक्षा लागलेली असो की खटला सुरू असो, नियम एकच. अपवाद फक्त प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध असलेल्यांचा. त्यांना टपालाने मत देता येतं.

आता समजा, जिंतूरच्या एकाच गुन्ह्यात दोन आरोपी आहेत. दोघांनाही जामीन मंजूर झाला. एकाला जामीनदार मिळाला आणि २० नोव्हेंबर २०२४ ला त्याने विधानसभेसाठी रांगेत उभं राहून मत दिलं. दुसऱ्याकडे जामीनदार नाही, म्हणून तो परभणीच्या कारागृहातच राहिला आणि त्याचं मत बुडालं. गुन्हा तोच, पुरावा तोच. फरक फक्त ऐपतीचा. हा अपवादातला प्रकार समजू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे जवळपास ७६ टक्के, कच्चे कैदी होते. त्यांचा दोष अजून सिद्ध व्हायचा होता.

या कलमातून नेतेही सुटत नाहीत. जून २०२२ मध्ये कोठडीत असलेल्या नवाब मलिक आणि अनिल देशमुख या आमदारांनी राज्यसभा व विधान परिषदेसाठी मत देऊ द्या, म्हणून न्यायालयात धाव घेतली. परवानगी मिळाली नाही. २०१७ मध्ये छगन भुजबळांना मात्र तुरुंगातून येऊन राष्ट्रपतिपदासाठी मतदान करता आलं होतं. ती निवडणूक १९५२ च्या वेगळ्या कायद्याने होते.

गंमत म्हणजे, आतून मत देता येत नाही, पण निवडणूक लढवता येते! २०१३ मध्ये संसदेने तशी दुरुस्तीच केली. इंजिनिअर रशीद २०२४ मध्ये तिहारमधून बारामुल्लाची जागा जिंकले. स्वतःला मत देण्याची मुभा मात्र त्यांना नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही बंदी वैध ठरवली. कैद्यांच्या मतदानासाठी पोलीस बंदोबस्त आणि यंत्रणा लागेल, हे त्यामागचं एक कारण. पण स्थानबद्धांना टपाली मत देता येतं, तर कच्च्या कैद्यांना का नाही? दक्षिण आफ्रिकेत शिक्षा झालेले कैदीसुद्धा मत देतात. निदान खटला सुरू असलेल्यांसाठी तरी संसदेने हे कलम बदलायला हवं.

सुटून आलेल्यांच्या बाबतीत आपला कायदा उदार आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत शिक्षा भोगून झाल्यावरही मताधिकार आपोआप परत मिळत नाही. इथे बाहेर आलेला माणूस थेट केंद्रावर जाऊ शकतो. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, तर सुटकेनंतर सहा वर्षांची जी बंदी असते, ती उमेदवारीसाठी. मताधिकार जातो तो मुख्यतः निवडणुकीतली लाचखोरी, मतदारांवर दबाव, तोतयेगिरी किंवा भ्रष्ट आचरण सिद्ध झाल्यावर. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार १९९९ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने सहा वर्षांसाठी काढला गेला होता, तो याच कारणाने.

आणखी एक. तुरुंग हा कैद्याचा रहिवास धरला जात नाही, त्यामुळे 'आत आहे' एवढ्या कारणावरून गावच्या यादीतलं नाव कापता येत नाही. तरी सुटून आल्यावर यादी तपासावी. नाव नसेल तर नमुना ६ भरून बीएलओकडे द्यावा. माहितीसाठी १९५० हा क्रमांक आहे. घरचं कुणी जामिनाअभावी आत असेल, तर मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.