दिवाळीच्या आधीची दिवाळी

सण येतो आणि चार दिवसांत निघून जातो. पुढे वर्षानुवर्षे मनात राहतात ते बहुधा त्याच्या आधीचे आठवडे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोणते कपडे घातले होते हे आपल्याला आठवत नाही. परंतु त्यापूर्वी पंधरा दिवस स्वयंपाकघरात भाजणीचा खमंग वास कसा कोंदला होता, ते मात्र डोळे मिटले तरी आठवते.

दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीत हे आठवडे प्रथम नाकाला कळतात. पाऊस सरला की रस्त्याकडेचे सप्तपर्णी वृक्ष फुलतात. त्यांचा काहीसा उग्र, काहीसा गोड वास संध्याकाळी खिडक्यांतून आत येतो, आणि तो आला की माळ्यावरचे डबे खाली उतरू लागतात, गाद्या गच्चीवर जातात, मुलांच्या गणिताच्या वह्यांत मागच्या पानावर आकाशकंदील उमटू लागतात. कचेरीत मात्र दिवाळी त्यापूर्वीच येऊन गेलेली असते. अंक सणाआधी वाचकांच्या हाती पडावयाचा, तेव्हा त्याचा मजकूर पावसाळ्यातच सिद्ध व्हावा लागतो. भर श्रावणात, कोपऱ्यात छत्री निथळत असता, मी करंज्यांवरील लेखाचे मुद्रित तपासलेले आहे.

आमच्या जिन्यावर निरनिराळ्या प्रांतांतील बिऱ्हाडे आहेत. सणाआधीच्या या दिवसांत प्रत्येक घरातून जसा निराळा वास येतो, तसा निराळा चित्रपटही ऐकू येतो. कामाचे हात गुंतलेले असतात, म्हणून पाहण्यापेक्षा ऐकणेच अधिक. आणि ऐकावयाचा तो अर्थातच पाठ असलेला, आवडता चित्रपट.

वरच्या मजल्यावरील बंगाली बोउदींना 'पथेर पांचाली'शिवाय शरद ऋतू पुरा झाल्यासारखा वाटत नाही. सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या या चित्रपटात अपू आणि दुर्गा ही भावंडे काशाच्या पांढऱ्या फुलांतून धावत आगगाडी पाहावयास जातात. काश फुलला की बंगालमध्ये पूजा जवळ आली असे समजावे. या प्रसंगाची हकीकत मोठी गमतीची आहे. थोडे चित्रण करून मंडळी परतली आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच माळावर गेली, तो गुरांनी सारी फुले खाऊन टाकलेली! उरलेल्या चित्रणासाठी पुढल्या बहराची वाट पाहावी लागली. बोउदी नारळाचे नाडू वळता वळता ही गोष्ट दरवर्षी सांगतात आणि आम्ही दरवर्षी ती नव्याने ऐकतो.

समोरच्या तमिळ मामींकडे दिवाळी आणि चित्रपट यांचे नाते आणखी जुने आहे. त्यांच्याकडे पहाटेचे अभ्यंगस्नान, नवी वस्त्रे आणि नवा चित्रपट ही दीपावलीची तीन अंगेच समजली जातात. १९४४ च्या दीपावलीला प्रदर्शित झालेला, त्यागराज भागवतरांचा 'हरिदास' मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात इतका चालला की त्याने तेथेच तीन दिवाळ्या पाहिल्या. आईबापांना दुरावलेला मुलगा शेवटी त्यांच्या सेवेत देव पाहतो, अशी ती कथा. मराठी माणसाला ती ऐकताना पुंडलिक आठवल्यावाचून राहत नाही. मामींच्या आजीने तो पाहिला होता. मामी आता त्यातील गाणी दूरध्वनीवर लावतात आणि दीपावलीचे औषधी लेहियम ढवळीत बसतात.

आणि आमचे घर? आमच्या घरचा चित्रपट होता 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ साली तो पुण्यात लागला तेव्हा मी काही महिन्यांचा होतो. मला मांडीवर घेऊन आईने तो पाहिला, असे ती सांगे. पुढे चकल्या तळण्याच्या दिवशी तो लावावयाचा हा घरचा रिवाजच झाला. आई स्वयंपाकघरात, चित्रपट बाहेरच्या खोलीत. पडद्यावरचे पात्र तोंड उघडण्याआधीच आतून, कढईपाशून, आईच्या आवाजात ते वाक्य येई आणि आम्ही हसत सुटत असू. मी नोकरीनिमित्त दिल्लीस आल्यावर तिने फराळाचा खोका पाठविण्यास आरंभ केला. त्यातल्या निम्म्या चकल्यांचा वाटेत चुरा होई. तो आम्ही दह्यात कालवून खात असू.

गेल्या वर्षी आषाढात आई गेली.

भाद्रपद संपता संपता वडिलांना, नानांना, मी दिल्लीस घेऊन आलो. एक बॅग आणि जुन्या धोतरात गुंडाळलेले एक जड बोचके एवढेच त्यांचे सामान होते. बोचक्यात काय आहे हे त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. ते फारसे बोलतच नसत. सकाळी वर्तमानपत्र उघडीत आणि दुपारी पाहावे तो तेच पान समोर असे. कोजागरी गेली. सप्तपर्णी फुलून गळू लागली. आमच्याकडे दुःखाच्या पहिल्या वर्षी घरात तळण करीत नाहीत, त्यामुळे डबे माळ्यावरच राहिले. नऊ वर्षांच्या माझ्या मुलीने एके रात्री विचारले, "बाबा, चकल्या नाहीत ते ठीक, पण आजीचा पिक्चरसुद्धा नाही का?"

मला उत्तर सुचेना. तळणाबद्दल रूढी आहे. हसण्याबद्दल काय आहे? नानांच्या समोर तो चित्रपट लावणे मला निर्दयपणाचे वाटत होते, आणि कधीच न लावणे त्याहूनही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या मामी आल्या. त्यांनी सरळ नानांनाच विचारले, "नाना, तुमच्याकडे या वर्षी कढई चढवत नाहीत हे मला सूनबाईंनी सांगितले. माझ्या घरी चढवायला हरकत नाही ना? मला मुरुक्कू येतो. पण तुमच्या चकलीचे पीठ निराळे असते. प्रमाण सांगाल का?"

पत्नी उत्तर देण्यासाठी पुढे होणार, तोच नाना बोलू लागले. चाळीस वर्षे भाजणी दळून आणण्याचे काम त्यांचे होते, हे मी विसरलोच होतो. "तांदूळ चार वाट्या. आधी धुऊन सावलीत वाळवायचे. हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, उडदाची एक, मुगाची अर्धी. धणे अर्धी वाटी, जिरे पाव. सगळे वेगवेगळे भाजायचे, एकत्र नाही. ती एकत्र कधी भाजू देत नसे. आणि गिरणीवाल्याला सांगायचे, गव्हावर दळू नकोस." मामी लिहून घेत होत्या. गेल्या कित्येक आठवड्यांत नाना एका दमात इतके बोललेले मी ऐकले नव्हते.

दळण आणावयास ते स्वतः माझ्याबरोबर चक्कीवर आले. आपल्याआधी कुणाचे काय दळले गेले, याची त्यांनी मोडक्या हिंदीत कसून चौकशी केली. आणि तळणाच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ते बोचके सोडले. आत आईचा पितळी सोऱ्या होता. चिंचेने घासून लखलखीत केलेला. तो दोन्ही हातांत धरून ते जिना ओलांडून समोर गेले.

मुलीने मग कुणाला न विचारता मामींच्या बैठकीत चित्रपट लावला. बोउदी नाडूंची ताटली घेऊन खाली आल्या. चार मित्र, भाड्याच्या खोलीची वणवण, त्यासाठी दोघांनी बायकांचा घेतलेला वेष हे सारे थोडा वेळ पाहून त्या म्हणाल्या, "अरे, ही तर आमची गोष्ट!" त्यांचे खरेच होते. १९५५ साली बंगालीत 'जय मा काली बोर्डिंग' निघाला, त्यावरून हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली हिंदीत 'बीवी और मकान' केला, आणि तीच कल्पना पुढे पुण्याच्या वाड्यात येऊन मराठी झाली. भाषांतर हा माझा पोटाचा धंदा. पण एखादी गोष्ट परक्या घरी जाऊन तिथलीच होऊन बसते म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी अधिक कळले. मामींच्या हातची, आईच्या प्रमाणाची चकली त्याच वेळी समोर कढईत फुलत होती.

चित्रपटात ती जागा आली, जिथे आई हमखास आतून वाक्य म्हणत असे. मी, पत्नी, मुलगी, कुणीही एकमेकांकडे पाहिले नाही. कढईचा आवाज तेवढा येत होता. आणि मग खुर्चीतून, घसा खाकरून, पात्राच्या अर्धा क्षण आधी, ते वाक्य नानांनी म्हटले. आईच्याच सुरात. मुलगी खदखदून हसली. नानाही हसले. पुष्कळ वेळ हसले, आणि नंतर चष्मा काढून उपरण्याने पुसू लागले. मामींनी काही न बोलता पहिल्या घाण्यातली चकली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मोडून पाहिली, कानाशी नेली, आणि म्हणाले, "जमली."

लहानपणी मला ती रूढी शिक्षेसारखी वाटे. घरात माणूस गेले, वर फराळही नाही! परंतु तिचा दुसरा अर्धा भाग मी कधी नीट ध्यानात घेतला नव्हता. त्या घरात तळण होत नाही, ते त्यांना शेजाऱ्यांनी आणून द्यावयाचे असते. दुःखी माणसाला कढईपासून दूर ठेवणारी रूढी शेजाऱ्याला त्याच्या दारापर्यंत आणते.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्याकडेही डबे उतरले असतील, भाजणी निवत असेल, आणि कुणीतरी शंभरदा पाहिलेला चित्रपट पुन्हा लावला असेल. आपण महाराष्ट्रात असा, इंदूर-बडोद्यास असा, की दूर एखाद्या परप्रांतीच्या वसाहतीत असा. आपल्या जिन्यावर यंदा ज्या घरात कढई चढणार नाही, ते घर आपल्याला ठाऊक असेलच. तेथे ताट अवश्य न्या. पण दारातूनच देऊन परतू नका. जरा बसा. त्या घरचा चित्रपट कोणता होता, तेही विचारा.