उघडण्याचा खर्च कोणाचा?

वेष्टित वस्तूच्या किमतीत ती उघडण्याचे श्रम धरलेले नसतात. मसाल्याच्या वा शाम्पूच्या पुडीवर ‘येथून फाडा’ अशी सूचना असते (ती बहुधा इंग्रजीत!), कडेला बारीकशी खाचही असते, तरीही पुडी अखेर कात्रीने, सुरीने, नाहीतर दातांनीच उघडावी लागते. हा वापरणाऱ्याचा अडाणीपणा नव्हे. प्लॅस्टिक व ॲल्युमिनियमचे पापुद्रे एकमेकांस चिकटवून, कडा उष्णतेने सांधून केलेली पुडी दमट हवा रोखते आणि वाहतुकीतील दाब सोसते. कारखानदाराला हे गुण हवेत, कारण गळालेल्या मालाचा तोटा त्याच्या खात्यावर पडतो. न उघडणाऱ्या पुडीचा तोटा मात्र ग्राहकाच्या खात्यावर पडतो. बाजारातील स्पर्धेने हा दोष दूर व्हावा, अशी अपेक्षा पाठ्यपुस्तक करील. परंतु पुडी उघडत नाही हे पैसे दिल्यानंतर कळते, आणि दोन रुपयांसाठी तक्रार करण्यास सवड कोणाला आहे?

प्रश्न केवळ गैरसोयीचा असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. जुलाबावर द्यावयाच्या क्षार-साखरेच्या भुकटीचे उदाहरण घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यास ती २०.५ ग्रॅम लागते. घाईने फाडलेल्या पाकिटातील काही भाग ओट्यावर सांडला, की ते प्रमाण बिघडते. गोळ्यांच्या पट्टीशी झगडणाऱ्या संधिवाताच्या बोटांविषयी तर काय बोलावे?

आवेष्टित वस्तूंविषयीचे २०११ चे केंद्रीय नियम निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचे नाव आणि तक्रारीचा पत्ता छापण्याची सक्ती करतात. पाकीट हाताने उघडावे, अशी सक्ती त्यांत नाही. फाडताना पुष्कळदा तो तक्रारीचा पत्ताच फाटतो, हा भाग निराळा.

याहून बोलके उदाहरण दुधाच्या पिशवीचे आहे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा दुधाच्या पिशवीस काही अटींवर सूट मिळाली. रिकामी पिशवी किमान पन्नास पैशांना परत घेण्याची तरतूद झाली. ती योजना रुजली नाही. परंतु ती यशस्वी झाली असती तरी एक गोष्ट निसटलीच असती. पिशवी उघडण्यासाठी आपण कापतो तो नखाएवढा कोपरा! भंगारवाला पिशवी वजनावर घेतो, कोपरा कोणी वेचीत नाही. नाशकात तो गटारातून नाल्यात आणि नाल्यातून गोदावरीत जातो. कोपरा पुरता न तोडता नुसती चीर द्यावी, असा उपदेश गृहिणींना केला जातो. तुकडा न पडता उघडेल अशी पिशवी काढा, असे दूधसंघांना कोणी खडसावून सांगत नाही.

वेष्टनाच्या सुलभतेसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१५ मध्ये मानक (क्रमांक १७४८०) प्रसिद्ध केले आहे. वेष्टन कितपत सहज उघडते हे पारखण्याच्या पद्धती त्यात आहेत. त्याचा आधार घेऊन निदान औषधे आणि दूध यांपुरती तरी सक्ती करण्यास केंद्र सरकारला कोणती अडचण आहे, हे संबंधित खात्याने सांगावे.