रस्ता रुंद झाला, आमची वाट कुठे गेली?

‘रस्ता आला की विकास आला’ हे आपण इतक्यांदा ऐकले आहे, की तो कुणासाठी आला हे विचारायचेच राहून जाते. वर्धा जिल्ह्यातले तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. आष्टी आणि आर्वीचे रस्ते इथूनच फुटतात. महामार्ग चौपदरी झाला, नागपूरची गाडी अमरावतीला लवकर पोचू लागली. पण जिचे घर रस्त्याच्या एका अंगाला आणि वावर, शाळा किंवा दवाखाना दुसऱ्या अंगाला, तिचे काय? तिला अमरावती गाठायची नसते. तिला रस्ता ओलांडायचा असतो.

रस्त्याची रुंदी ठरवताना वाहने मोजतात. डोक्यावर भारा, कडेवर पोर घेऊन चालणारी बाई त्या मोजणीत बसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शेतीबाहेरच्या कामांना जाणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ४५ टक्के पायी जात होत्या. पुरुषांपैकी सुमारे २७ टक्के. शेतावर निंदणाला, कापूसवेचणीला जाणाऱ्या तर यात धरलेल्याच नाहीत. घरात एकच मोटारसायकल असली तर ती कुणाच्या हाती असते, हे सांगायला जनगणना लागत नाही.

सायकलने काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईत साक्षरता मोहिमेबरोबर हजारो कष्टकरी बायका सायकल शिकल्या. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे अभ्यासात दिसले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळते, वाट मिळत नाही. मग ट्रकच्या भीतीने बाप म्हणतो, ‘दहावी झाली, पुरे.’ रस्ता धोक्याचा, आणि घरात बसायचे पोरीने! हा कुठला न्याय?

‘जागा नाही’ हे ठरलेले उत्तर. ट्रक उभे करायला जागा असते, ढाब्याला असते, फलकाला असते. बाईच्या पावलांपुरतीच नसते. पदपथ किमान १.८ मीटर मोकळा असावा, हे इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्येच लिहून ठेवले. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. २०२२ या एका वर्षात देशात ३२ हजारांहून अधिक पादचारी रस्त्यावर मेले. त्यांना ‘निष्काळजी’ म्हणून आपण मोकळे होणार का?

आणि नुसता पट्टा आखून भागत नाही. पुण्यात सायकलमार्ग तुकड्यातुकड्यांनी झाले. जिथे तुटले तिथे सायकलस्वार पुन्हा गाड्यांत. वाट घरापासून शाळेपर्यंत सलग हवी. गावात तर महामार्ग एका खात्याचा, जोडरस्ता दुसऱ्याचा, गल्ली ग्रामपंचायतीची. तिन्ही हद्दी जिथे मिळतात, तिथेच वाट तुटते, आणि बाई रोज तिथूनच जाते.

मैत्रिणींनो, ‘हा इंजिनिअरचा प्रश्न, आपला नव्हे’ असे आपल्या बैठकांतही म्हटले जाते. हुंडा, मारहाण, मजुरी हे आपले प्रश्न आहेतच. पण तक्रार करायला पोलीस ठाण्यापर्यंत, मजुरी मागायला मालकापर्यंत बाईला जाता आले पाहिजे ना? जाण्यायेण्याची मुभा हा हक्कांचा पाया आहे.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या सभेत गावाचा नकाशा जमिनीवर काढा. कोण कुठून, किती वाजता, काय उचलून चालते ते खुणांनी मांडा. जिथे ओलांडावे लागते तिथे सुरक्षित ओलांडणी, दिवा, आणि घरापासून शाळा, वावर, दवाखाना, एस. टी. थांब्यापर्यंत सलग पायवाट व सायकलवाट, असा ठराव करा. तो महामार्ग प्राधिकरण, बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद, तिघांच्याही टेबलावर ठेवा. पोच घ्या. महिन्याने पुन्हा जा.

चौपदरी रस्त्याला जमीन मिळते. आम्ही मागतो आहोत फक्त १.८ मीटर.