यजमान कोण?

तुलसी विवाह उरकला की गोव्यात लग्नसराई सुरू होते, ही आपली जुनी रीत. आता त्याच दिवसांत दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवर एका निराळ्याच लग्नसराईची वर्दळ दिसू लागते. वधू दिल्लीची, वर अहमदाबादचा, आप्तेष्ट दुबई-लंडनचे आणि मंगलाष्टके मात्र बाणावली, वार्का किंवा मोबोरच्या किनाऱ्यावरील पंचतारांकित हॉटेलाच्या हिरवळीवर! तीन-तीन दिवस चालणाऱ्या या सोहळ्याची तयारी ना वधूपिता करतो, ना वरपिता. ती करते एक कंपनी. पाहुण्यांच्या मोटारींपासून वधूच्या प्रवेशाच्या वेळी सोडायच्या धुरापर्यंत सर्व काही तिच्या हाती असते. ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ या नावाने ओळखला जाणारा हा धंदा आज गोव्याच्या पर्यटनाचे एक मोठे अंग बनला आहे. लग्नासाठी परदेशी जाण्याऐवजी आपल्याच देशात ती करा, असे आवाहन खुद्द पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये आकाशवाणीवरून केले. तेव्हापासून या धंद्याला राजमान्यतेचेही तेज चढले आहे.

आम्ही या धंद्याचे शत्रू नव्हे. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा किती घरांच्या चुली थंडावल्या हे गोमंतकीयांना सांगण्याची गरज नाही. करोनाच्या २०२० सालच्या टाळेबंदीत केंद्र सरकारने लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा घातली, तेव्हा मंडपवाले, दिवाबत्तीवाले, वाजंत्री, आचारी, फुलवाले असे सारेच हात बांधून घरी बसले. एका समारंभावर किती संसार चालतात, ते त्या काळात सर्वांना दिसले. तेव्हा श्रीमंतांनी आपला पैसा येथे येऊन खर्च करावा, यात वाईट काही नाही. आमचा प्रश्न वेगळाच आहे. या समारंभाचा यजमान कोण?

यजमान हा शब्द आपल्याकडे केवळ आमंत्रणपत्रिकेत नाव छापण्यापुरता नव्हता. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील देवस्थानांच्या सभागृहांत ज्यांची लग्ने झाली, त्यांना हे ठाऊक आहे. अग्रशाळेत उतरलेल्या पाहुण्याला रात्री ताप भरला तर वैद्य आणणारा यजमान, पंगतीत भात कमी पडला तर शेजारच्या घरी धावणारा यजमान आणि उष्टी पाने कोठे टाकायची याची काळजी वाहणारा तोही यजमानच. गावच्या जत्रेतील नाटकाचीही तीच तऱ्हा. कोणी पडदे रंगवायचे, कोणी पेट्रोमॅक्स पेटवायचे, कोणी आडून संवाद सांगायचे. दिवसा शेतात किंवा कचेरीत राबणारी माणसे रात्री रंगमंच उभारीत आणि पहाटे तो उतरवून अंगण झाडून घरी जात. नियोजनाची याहून चांगली शाळा आम्हांला माहीत नाही. नाटक पडले तरी त्याची लाज साऱ्या गावाला वाटे, हे त्या शाळेतील पहिले शिक्षण.

आजच्या सोहळ्यात ही लाज कोणाच्या वाट्याला येते? वधूपिता पैसे मोजून मोकळा होतो. मुख्य कंपनी मुंबई-दिल्लीची. ती मंडपाचे काम एकाला, विजेचे दुसऱ्याला, ध्वनियंत्रणेचे तिसऱ्याला, आतषबाजीचे चौथ्याला पोटकंत्राटाने देते. या उतरंडीच्या तळाशी आमचा गोव्याचा मंडपवाला उभा असतो. त्याचे देणे सर्वांत शेवटी चुकते होते आणि ओरडा मात्र सर्वांत आधी त्यालाच खावा लागतो. परवान्यांची गोष्टही अशीच. पंचायत आपला कागद देते, पोलीस आपला, अबकारी खाते आपला, अग्निशामक दल आपला, आणि किनाऱ्यावर असेल तर किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आपला. प्रत्येक खाते आपल्यापुरते पाहते. सगळा मंडप पाहणारा कोणीच नसतो. चौथ्या दिवशी कंपनीचे ट्रक निघून जातात. परप्रांतातून आणलेल्या फुलांच्या राशी आणि बाटल्यांचे ढीग मागे राहतात. त्यांची वाट साळगावच्या कचरा प्रकल्पाकडे जाते की गावाबाहेरच्या एखाद्या शेताकडे, हे पाहायला वराडी थांबत नाहीत.

हे नुसते कचऱ्याचे दुखणे असते, तर आम्ही अग्रलेखाची जागा खर्ची घातली नसती. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील नाईटक्लबला आग लागून पंचवीस जणांचा मृत्यू झाला. मेलेल्यांत बहुसंख्य तेथे काम करणारी माणसे होती. पोटासाठी दूर दूरच्या राज्यांतून आलेली ही मुले, आणि त्यांतील अनेकांचा अंत तळघरातील कोंडलेल्या धुरात झाला. प्राथमिक चौकशीत बोट दाखवले गेले ते छताखाली केलेल्या आतषबाजीकडे. तो क्लब होता, लग्नमंडप नव्हता, हे खरे. परंतु वधूच्या प्रवेशाबरोबर ठिणग्यांचे फवारे उडवण्याची हौस आज मंडपामंडपांत शिरली आहे आणि वर ताणलेले कापड, खाली वायरींचे जाळे हा देखावा सर्वत्र तोच असतो. हडफडेनंतर तपासण्या झाल्या, टाळी ठोकली गेली. अशी तपासणी घटनेआधी करण्याची सवय आमच्या प्रशासनाला कधी लागणार?

येथे कोणी आम्हांला म्हणेल, तुमच्या जत्रा तरी कोठे सुरक्षित आहेत? म्हणणे रास्त आहे. मे २०२५ मध्ये शिरगावी श्री लईराई देवीच्या जत्रेत पहाटेच्या चेंगराचेंगरीत भाविकांचे प्राण गेले. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना ती चिंचोळी उतरण आम्ही विसरू शकत नाही. गाव जेवढा ओळखीचा होता तेवढी त्याची शिस्त पुरेशी होती. हजारोंची गर्दी लोटू लागल्यावर नुसत्या भक्तीने वाट रुंद होत नाही. गर्दीचे शास्त्र आहे आणि ते शिकलेली माणसे जत्रेलाही हवीत. नियोजनाच्या धंद्याचा खरा उपयोग झाला असता तर तो येथे. परंतु या मंडळींची नजर हिरवळीवर असते, उतरणीवर नव्हे!

नियम सर्वांना सारखे असावेत, एवढी तरी अपेक्षा ठेवावी काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही; वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. जत्रेतील नाटकाचा दुसरा अंक सुरू होतो न होतो तोच हवालदार घड्याळ दाखवतो, आणि किनाऱ्यावरच्या ठोक्यांनी मात्र पहाटेपर्यंत खिडक्यांची तावदाने हादरतात. २००७ साली कांदोळीच्या वाळूवर जन्मलेला सनबर्न महोत्सव २०२४ साली पेडण्यात धारगळला आला आणि त्यावरून गावात दोन तट पडले. २०२५ साली तो मुंबईला गेला. उत्सव आले नि गेले. गावातली फूट बरोबर नेण्याचे कलम मात्र कोणत्याही करारात नसते.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला आम्हांलाही संकोच वाटतो. हा थाट आता आपल्या घरांत शिरला आहे. हळद म्हणजे घरातील सुवासिनींनी तासाभरात उरकायचा विधी. त्याचा आता पिवळ्या पोशाखांचा स्वतंत्र दिवस झाला. संगीत, मेहंदी, लग्नाआधीचे चित्रीकरण, वर घिरट्या घालणारा ड्रोन, आणि अबोलीच्या वळेसराच्या जागी विमानाने आलेली फुले. कारकुनाची किंवा शिक्षकाची मिळकत तेवढीच राहते आणि मुलीचा बाप पतपेढीच्या पायऱ्या चढू लागतो. ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने पूर्वी माणसे साधेपणा सोडीत नसत. आज त्याच धाकाने ती कर्ज काढतात. हुंड्याविरुद्ध आपण एवढा लढा दिला. देखाव्याचा हा हुंडा मात्र मुलगी आणि मुलगा दोघेही हौसेने मागतात, म्हणून त्याला विरोध करायला कोणी पुढे येत नाही.

घरातला खर्च सरकारने ठरवावा, असे आम्ही म्हणणार नाही. सरकारचे काम मांडवाच्या दाराशी सुरू होते. गोव्यात समारंभ घडवून आणणाऱ्या प्रत्येक कंपनीची येथे नोंदणी व्हावी. सर्व खात्यांची मिळून एकच पाहणी समारंभाआधी, मंडप उभा राहिल्यावर व्हावी. कचऱ्यासाठी आगाऊ अनामत घ्यावी आणि जागा स्वच्छ करून दिल्याचा पंचायतीचा दाखला पाहूनच ती परत करावी. पोटकंत्राटदारांचे आणि मजुरांचे पैसे ठरल्या मुदतीत चुकते झाले नाहीत, तर पुढचा परवाना अडवावा. कला अकादमीच्या नाट्यविद्यालयातून आणि गावोगावच्या उत्सवी रंगमंचांवरून तयार झालेली आमची मुले या धंद्यात नुसती खुर्च्या मांडणारी राहू नयेत. रंगमंच, प्रकाश, गर्दी आणि आग यांचे रीतसर शिक्षण त्यांना येथेच मिळावे. आणि परवान्याच्या अर्जावर ‘यजमान’ असा एक रकाना असावा. त्यापुढे कंपनीचे नाव नव्हे, गोव्यात पत्ता असलेल्या एका माणसाचे नाव लिहिलेले असावे आणि समारंभ संपेपर्यंत त्याने जागा सोडू नये. येत्या तुलसी विवाहापूर्वी हे नियम राजपत्रात प्रसिद्ध करण्यास सरकारला कसली अडचण आहे, ते पर्यटनमंत्र्यांनी विधानसभेत सांगावे.