तळं आमचं, भाव कुणाचा?

गेल्या शनिवारी देऊळगाव राजाला घरी गेलो होतो. जेवताना काकांनी एकदम विचारलं, "काय रे, त्या कॉम्प्युटरवर बघून सांग, शेततळ्यात मासे टाकू का?" आमच्याकडे शेडनेटमधल्या बीजोत्पादनामुळे प्लॅस्टिकची शेततळी बरीच झाली आहेत. पाणी आहेच, मग मासे का नकोत, हा त्यांचा हिशोब.

झालं! दोन रात्री एक्सेल शीट घेऊन बसलो. रोहू, कटला, मृगळ... मत्स्यबीज, खाद्य, मजुरी सगळं भरलं आणि भावाच्या रकान्यात अडकलो.

म्हणजे बघा, २०२२ मध्ये जगात पाळलेल्या माशांचं उत्पादन पहिल्यांदाच मासेमारीच्या पुढे गेलं. पण पाळणाऱ्याच्या हातात फार थोडं असतं. खर्चात सगळ्यात मोठा वाटा खाद्याचा. २०२३ मध्ये पेरूने अँकोव्हीचा पहिला हंगाम रद्द केला आणि फिशमील जगभर महागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, धसका घेतला आंध्रच्या कोळंबीवाल्यांनी.

"आपला रोहू कुठं अमेरिकेला जातो?" काका म्हणाले. खरंय. पण आंध्रचा रोहू बर्फात बसून ट्रकने आपल्या बाजारात येतो ना! तिकडे बीज, खाद्य, बर्फ, व्यापारी सगळं एका पट्ट्यात. आमचं तळं उन्हाळ्यात पिकासाठी उपसायचं, म्हणजे सगळ्यांचे मासे एकदमच निघणार आणि मिळेल त्या भावात जाणार. सोयाबीनचं तेच झालं होतं. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात त्याहून कमी. आणि गंमत अशी, की माशांच्या खाद्यात सोयाबीनचीच पेंड असते!

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, चांगलंच झालं. पण माझं स्पष्ट मत आहे, नुसतं तळ्याला अनुदान देऊन भागणार नाही. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत बर्फ कारखान्याला, बर्फपेटीच्या गाडीलाही मदत आहे. एकट्याला ते झेपत नाही. दहा-पंधरा तळेवाल्यांनी मिळून गाडी घ्यावी, आळीपाळीने मासे काढावेत, तर व्यापाऱ्याशी दोन शब्द बोलता येतील.

काकांना म्हटलं, यंदा आठवडी बाजारात खपतील एवढेच टाका. ते म्हणाले, "म्हणजे आधी दहा जण गोळा करायचे? त्यापेक्षा मासे पाळणं सोपं हाय रे!"

असो. शीटमधला भावाचा रकाना अजून रिकामाच आहे.