एकाच वर्षी दोन महाराष्ट्र केसरी कशासाठी?

'दोन महाराष्ट्र केसरी झाले तर बिघडले कुठे? मल्लांना संधीच मिळते' हे पत्र वाचले, पटले नाही. संधी द्यायची तर तालुका-जिल्हा स्पर्धा वाढवा, किताब कशाला वाटता? २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि मार्चअखेरीस कर्जतला वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी ठरले. दोघांचाही घाम खरा. पण मग राज्यात अव्वल कोण? १९६१ पासूनचा हा मान एकट्याचा आहे. आमच्याकडे यात्रेच्या आखाड्यात निवेदक नावाआधी किताब पुकारतो, त्यावरच जोड आणि इनाम ठरते. या दोन स्पर्धा घेणाऱ्या दोन कुस्ती संघटनांच्या भांडणात मल्लाच्या किताबावर शंका का यावी? दोन्ही संघटनांनी एकत्र बसून एकच स्पर्धा घ्यावी.

– एक कुस्तीप्रेमी, राहुरी